कार डिटेलिंगचं पहिलं सामान: आधी फडकी घ्या, बाटल्यांचं नंतर बघू

कार डिटेलिंग म्हणजे गाडी आतून-बाहेरून नीट धुऊन, पुसून, चमकवून ठेवणं. पुण्यात नाना पेठेत कुठल्याही ॲक्सेसरीजच्या दुकानात जाऊन "गाडी घरीच धुवायचीय, काय काय घेऊ" असं विचारून बघा, पाच मिनिटांत काउंटरवर आठ-नऊ बाटल्या उभ्या राहतात. शाम्पू, डॅशबोर्ड पॉलिश, टायर पॉलिश, काचेचं वेगळं, वॅक्स, कसलंतरी 'नॅनो' लिहिलेलं, आणि एवढं सगळं घेतलं म्हणून वर एक फडकं फुकट. ऑनलाइन पण तीच गत, 'कम्प्लीट किट' म्हणून डबा येतो त्यात सगळं शंभर-शंभर मिली आणि फडकं असलं की त्यानं मी सायकलची चेनसुद्धा पुसायला दहा वेळा विचार करीन. माझं मत नेमकं उलटं आहे, ते जे फुकट देतात ना त्यालाच पैसे द्या. गाडीच्या रंगाला जे जे प्रत्यक्ष टेकतं, म्हणजे फडकं, हातमोजा आणि पाणी, तिथे कंजुषी नको, बाकी बाटल्या सुरुवातीला दोनच पुरतात, फार तर तीन.

का ते सांगतो. आजकालच्या गाड्यांना रंगावर जो पारदर्शक थर असतो, ज्याला सगळे क्लिअर कोट म्हणतात, तो साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहून बारीक. तुमची सगळी चमक तेवढ्यातच आहे. धुळीचा कण फडक्यात अडकला आणि तुम्ही ते गोल गोल फिरवलंत की त्यावर चरा पडतो, एक दिसत नाही पण वर्षभर रोज कोरडं पुसल्यावर रात्री पेट्रोल पंपाच्या एलईडीखाली बोनेट बघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसतील, त्यांनाच स्वर्ल मार्क म्हणतात. पांढऱ्या आणि सिल्व्हर गाड्यांवर खपून जातं, माझी बलेनो निळी आहे त्यामुळे काहीच खपत नाही. आणि हे कुठल्याही शाम्पूने जात नाही, पॉलिश करूनच जातं, म्हणजे त्या पातळ थरातला आणखी थोडा घासूनच.

आता फडकी, म्हणजे मायक्रोफायबरची, अगदी बारीक कृत्रिम धाग्यांची. पाकिटावर जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. ३०० ते ४०० वालं रोजच्या कामाला, आतलं पुसायला, वॅक्स उतरवायला. सॉफ्टस्पनचं ३४० जीएसएमचं पाकीट बहुतेक सगळ्यांचं पहिलं असतं आणि पैशाच्या मानाने मला ते चांगलं वाटलं, फक्त कडेची शिलाई आणि लेबल आधी तपासा, लेबल कात्रीनं कापून टाका कारण कापड कितीही मऊ असलं तरी ते लेबल रंगावर घासतंच. गाडी कोरडी करायला मात्र वेगळं घ्या, ८०० च्या वरचं, पिळदार धाग्यांचं मोठं टॉवेल, ट्विस्टेड लूप म्हणून मिळतं, एकच पुरतं. ते बोनेटवर पसरायचं आणि दोन कोपरे धरून अंगाकडे अलगद ओढायचं, रगडायचं नाही, पाणी आपोआप आत जातं. पहिल्यांदा बघताना मजा वाटते खरंच.

चांगलं मायक्रोफायबर ओळखायची दुकानातली सोपी परीक्षा म्हणजे कोरड्या हाताच्या तळव्यावरून ते ओढून बघा, चिरलेल्या धाग्यांचं असेल तर कातडीला किंचित अडकल्यासारखं, चिकटल्यासारखं लागतं, काहींना तो स्पर्श अजिबात आवडत नाही. गुळगुळीत सरकलं तर ते नुसतं पॉलिस्टर, पाणी शोषणार नाही, नुसतं इकडचं तिकडे करील. पाकिटावर ८०/२० किंवा ७०/३० असं लिहिलेलं असतं, पहिला आकडा पॉलिस्टरचा, दुसरा पॉलिअमाइडचा, दुसरा जास्त तर कापड साधारणपणे जास्त मऊ आणि जास्त शोषणारं.

घरी आणल्यावर धुवायचं कसं हे पण घरातल्यांना सांगून ठेवा. सुती टॉवेलांबरोबर मशीनमध्ये टाकलं की त्यांचं सगळं तूस यात अडकतं, आणि फॅब्रिक सॉफ्टनर घातलात की धाग्यांवर थर बसून फडकं पाणी प्यायचं बंद होतं. थोडं लिक्विड डिटर्जंट, कोमट पाणी, सावलीत वाळवायचं, बस. रंग वाटून घ्या, आमच्याकडे पिवळी बॉडीला, निळी काचेला, राखाडी चाकांना. जमिनीवर पडलं की पिवळं असो की कुठलंही, त्याची बदली थेट चाकांवर.

मिट म्हणजे तो हातमोजा. स्पंज घेऊ नका, स्पंजच्या सपाट तोंडाला माती आत ओढून घ्यायला जागाच नसते, ती रंगावरच घासत राहते. शेनीलचा, शेवयांसारखे लांब धागे असलेला मिट दोन-अडीचशेत मिळतो, तो पुरे. त्याच्या जोडीला दोन बादल्या, एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी, दर पॅनेलनंतर, म्हणजे दार, बोनेट असा एकेक भाग झाला की, मिट आधी साध्या पाण्यात खळबळायचा मग शाम्पूत बुडवायचा. बादलीच्या तळाशी ठेवायची जाळी, ग्रिट गार्ड, विकत मिळते, पण वीस लिटरच्या कलरच्या रिकाम्या बादलीत बसेल अशी प्लास्टिकची कुठलीही चाळणी पालथी घातली तरी माती खाली राहते. पहिल्याच धुण्यात दुसऱ्या बादलीचा तळ बघा, मग या पद्धतीचं समर्थन वेगळं करायला लागत नाही.

आता पाणी, याच्यावर कुणी बोलतच नाही आणि पुण्या-मुंबईच्या बाहेरच्या सोसायट्यांत निम्मा घोळ याचाच आहे. महापालिकेचं नळाचं पाणी सौम्य असतं, पण वाघोली, हिंजवडी, उंड्रीकडे बोअरवेल आणि टँकर. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर, थेंब उन्हात वाळला की पांढरा गोल डाग, आणि तो बरेच दिवस राहिला, वर ऊन खात राहिला की क्लिअर कोटमध्ये कोरला जातो. म्हणून उन्हात धुवायचं नाही, सकाळी सातच्या आत किंवा संध्याकाळी, बोनेटला हात लावून गार आहे ना बघायचं आणि एकेक बाजू लगेच कोरडी करायची. ताजे डाग असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, फडक्यावर घेऊन पुसायचं आणि लगेच पाण्यानं धुवून टाकायचं, वाळू द्यायचं नाही. हे करायला पाचशे रुपयांचं 'वॉटर स्पॉट रिमूव्हर' पहिल्या दिवशी घ्यायची काही गरज नाही.

आणि ते आरओचं वाया जाणारं पाणी साठवून गाडी धुणारे लोक, तुमचा हेतू चांगला आहे हो, पण आरओ जे क्षार गाळून काढतो ते त्याच पाण्यात जातात, म्हणजे बोअरच्या पाण्यावर आरओ लावला असेल तर ते पाणी मूळच्यापेक्षा जास्त क्षारांचं. चाकं आणि मडगार्डच्या आतली बाजू धुवा त्यानं, शेवटचं धुणं नको. त्यापेक्षा एसीच्या नळीतून टपकतं ते पाणी बादलीत धरा, ते हवेतलं बाष्प असतं, क्षार जवळजवळ नाहीतच. मे महिन्यात आमच्या बेडरूमच्या एसीखाली रात्रभरात बरंच जमतं, शेवटचा हात त्याचाच.

पाण्याची बोंब असेल तर रिन्सलेस वॉश हा प्रकार बघा. २०२४ च्या मार्चमध्ये बंगळुरूत पिण्याचं पाणी गाडी धुवायला वापरलं तर पाच हजार दंड लावला होता, आपल्याकडे उन्हाळ्यात सोसायटीची नोटीस लागतेच. ऑप्टिमम नो रिन्स हे त्यातलंच एक लिक्विड, लोक ओएनआर म्हणतात, त्याचं प्रमाण २५६ ला १, म्हणजे दहा लिटर पाण्यात साधारण ४० मिली. मिट त्यात बुडवून गाडी पुसायची, लगेच कोरडी करायची, वरून पाणी ओतायचं नाही. बाटली महाग वाटते पण एका वेळी थोडंच जातं त्यामुळे पुरवठ्याला येते. आता आपल्याकडच्या कंपन्यांचे पण असे बरेच निघालेत. चिखलानं माखलेल्या गाडीवर मात्र हे चालवू नका, पावसाळ्यात ताम्हिणी करून आलात तर आधी साध्या पाण्याचा फवारा, मग बाकीचं.

शाम्पू निवडताना दोनच गोष्टी बघतो मी, पीएच न्यूट्रल, म्हणजे ना आम्ल ना अल्कली, असा आहे का आणि बाटलीवर प्रमाण नीट छापलंय का. भांड्याचं लिक्विड नको, तेलकटपणा काढायलाच बनलेलं असतं ते, गाडीवरचं वॅक्स पण काढतं. थ्रीएमचा शाम्पू सगळीकडे मिळतो, काम चोख करतो, फेस बेताचा. मेग्वायर्सचा गोल्ड क्लास जास्त घसरडा, मिट सरसर फिरतो, मला तो जास्त आवडला पण पैसे पण तसेच लागतात. या दोन ब्रँडवरून लोक हिरिरीनं भांडतात त्याची गंमत वाटते कारण १९०१ साली फर्निचर पॉलिशपासून सुरू झालेली ती मेग्वायर्स २००८ पासून थ्रीएमच्याच मालकीची आहे. सोनॅक्स, टर्टल वॅक्स, कुठलाही घ्या, नवशिक्याला या शाम्पूंमध्ये फरक कळणार नाही, फडक्यांत मात्र पहिल्याच दिवशी कळेल.

प्रेशर वॉशर घ्यायचा का? सगळ्यांना पहिलं तेच घ्यायचं असतं, मशीन भारी दिसतं ना. माझं उत्तर, आधी पार्किंगमध्ये प्लग आहे का आणि नळ आहे का ते बघा, दोन्हीतलं एक जरी नसेल तर ते मशीन माळ्यावर जातं. बंगला असेल, गावाकडे अंगण असेल तर जरूर घ्या. बॉशचं ॲक्वाटॅक १२५ किंवा कार्चरचं के-२, या वर्गातलं मशीन घरच्या गाडीला भरपूर झालं, बारच्या, म्हणजे दाबाच्या, मोठ्या आकड्यांच्या मागे लागू नका, पसरट फवाऱ्याचा नोझल लावून फूटभर लांबूनच मारा, एकवटलेली बारीक धार सोललेल्या रंगाच्या कडेवर बसली की पोपडा आणखी उचलतो. आणि ती बॅटरीवर चालणारी '४८ व्हीएफ' लिहिलेली बंदूक, तो व्हीएफ म्हणजे व्होल्ट नव्हे, झाडांना पाणी घालायला छान आहे.

फ्लॅटवाल्यांनी हातपंपाचा दोन लिटरचा फोम स्प्रेयर घ्यावा, पाचशेच्या आसपास, सोसायटीच्या सेक्रेटरीच्या कपाळावर आठी पडत नाही इतकंच पाणी लागतं. फोम हातपंपाचा असो की मशीनचा, तो चार-पाच मिनिटं तसाच राहू द्यायचा म्हणजे माती सैल होते, नुसता फोम मारून गाडी स्वच्छ होते असं ते रील बघून वाटतं तसं काही नसतं.

रोज पुसायचा विषय नाजूक आहे कारण बऱ्याच जणांकडे महिन्याच्या पगारावर गाडी पुसणारे काका असतात. आमच्याकडचे एका बादलीत पंधरा गाड्या उरकतात. त्यांना मी माझी दोन फडकी आणि स्प्रेची बाटली दिली, कोरडं पुसू नका म्हटलं, तर म्हणाले, "साहेब, तुमची एकट्याची अशी पुसली तर बाकीचे विचारतील आमची का नाही." शेवटी ठरलं की काचा आणि आतलं ते करतील, बॉडी रविवारी मी. नुसत्या धुळीला जोपासूचा डस्टर आहे माझ्याकडे, पुण्याचीच कंपनी आहे, मेण लावलेले धागे धूळ उचलून धरतात. कोरड्या हलक्या धुळीला उत्तम, आधी झटकून घ्यायचा आणि न दाबता फिरवायचा. दव पडलेलं असेल किंवा चिखलाचे शिंतोडे असतील तर हातच लावायचा नाही त्याला.

वॅक्स म्हणाल तर फॉर्म्युला १ चा कार्नाउबा पेस्टचा डबा, आत ॲप्लिकेटर येतो, स्वस्त आणि मस्त, डबा संपता संपत नाही. कार्नाउबा म्हणजे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. आपल्या उन्हात महिना-दीड महिना धरा, त्यापुढे थेंब गोल व्हायचे थांबतात तेव्हा परत. काळ्या प्लास्टिकला लागू देऊ नका, पांढरे डाग राहतात आणि टूथब्रशनं घासत बसावं लागतं. ज्यांना रगडायचा कंटाळा आहे त्यांनी सिरॅमिक स्प्रे घ्यावा, ओल्या किंवा कोरड्या पॅनेलवर मारा, पुसा, मोकळे व्हा, वॅक्सपेक्षा जास्त टिकतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत थोडाथोडा मारून लगेच पुसावा लागतो नाहीतर ढगाळ डाग राहतात.

खरं सिरॅमिक कोटिंग, ते बारक्या काचेच्या बाटलीतलं, नवशिक्यानं घरी करूच नये. खाली जे चरे असतील त्यांच्यावरच ते बसतं, चुकीचं वाळलं तर पॉलिशरशिवाय निघत नाही. त्याच्यावर '९एच' लिहिलेलं असतं आणि विकणारा सांगतो दगडानं पण चरा जात नाही. तो आकडा पेन्सिलच्या कडकपणाच्या चाचणीचा आहे, तीच एच-बीवाली पेन्सिल, ९एचच्या पेन्सिलनं ओरखडा उठला नाही एवढाच त्याचा अर्थ. नवीन गाडी घेताना शोरूममध्ये 'टेफ्लॉन' कोटिंग म्हणून बिलात काही हजार चढवायला बघतात, मी नको म्हटलं तेव्हा सेल्सवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, त्याच पैशांत यातलं सगळं येऊन वर उरले.

आयर्न रिमूव्हर आणि क्ले, म्हणजे रंगात रुतलेली घाण ओढून काढणारा मऊ गोळा, हे दुसऱ्या टप्प्यावर. धुतलेल्या गाडीवर हाताला प्लास्टिकची पातळ पिशवी घालून बोनेटवरून बोटं फिरवा, उघड्या हाताला न लागणारा खरखरीतपणा पिशवीतून स्पष्ट लागतो. भोसरी-चाकणकडे कंपनीच्या पार्किंगमध्ये दिवसभर गाडी असते त्यांना हमखास, लोखंडाचे बारीक कण रंगात रुतलेले असतात. आयर्न रिमूव्हर मारला की दोन मिनिटांत जांभळे ओघळ सुटतात आणि वास असा की शेजारी डोकावतात, हातमोजे घाला आणि उघड्यावर करा. क्ले मात्र भरपूर ओलं ठेवूनच, आणि हातातून जमिनीवर पडला तर सरळ कचऱ्यात. गडद रंगावर क्लेचे स्वतःचेच बारीक चरे उमटू शकतात, मागून पॉलिश करणार नसाल तर खरखर फार जास्त असेल तरच.

पॉलिशर पहिल्या वर्षी घेऊ नका एवढंच. घ्यायचाच तेव्हा डीए, ड्युअल ॲक्शन, दाब जास्त पडला की फिरायचा थांबतो म्हणून चुकायला वाव कमी. काही गॅरेजवाले ग्राइंडरला लोकरीचा पॅड लावून पॉलिश मारतात, ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो, नुसत्या गोल फिरणाऱ्या पॉलिशरचं काम तीन हजारांच्या आत चालतं. असं कोण करताना दिसलं तर किल्ली मागून घ्या आणि निघा.

आतल्या भागाला खरं तर ओलसर मायक्रोफायबर आणि एक मऊ ब्रश, झालं. चकचकीत डॅशबोर्ड पॉलिश मला अजिबात पटत नाही, दुपारी एक्सप्रेसवेवर त्याची चमक काचेत उमटते आणि समोरचं दिसत नाही, मॅट फिनिशवालं घ्या किंवा घेऊच नका. व्हॅक्यूम घरचाच लांब वायरनं खाली आणा, लायटरच्या सॉकेटवर चालणारे ते छोटे पीस मॅटमधली वाळू ओढत नाहीत, अलिबागहून आल्यावर कळतं.

हिशेब लावायचा तर तीन-चार साधी फडकी, एक टॉवेल, मिट, शाम्पू, हातपंप, वॅक्सचा डबा, सगळं मिळून अडीच-तीन हजारांत बसतं, सेलमध्ये कमी. एखाद्या बऱ्या दुकानात एका फुल डिटेलिंगचे जे घेतात त्याच्याच आसपास.

बाईकला पण हेच सामान चालतं, फक्त टायर पॉलिश बाईकच्या टायरला कधीच नाही, सीटला पण नाही, आणि ब्रेक डिस्कवर कुठल्याच बाटलीतलं काही उडू देऊ नका. मॅट रंगाची बाईक किंवा कार असेल तर वॅक्स आणि पॉलिश दोन्ही बंद, मॅटवर एकदा चमकदार चट्टा उमटला की तो घालवायला तो भाग परत रंगवावा लागतो, त्यांच्यासाठी मॅटचा म्हणून वेगळा शाम्पू मिळतो तो घ्या.